भात सोडल्यावर अडीच किलो गेले, गणपतीत पावणेतीन परत आले: यात चरबी किती, पाणी किती

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते. वय ३८, मालवणजवळ राहता, वजन ६८.४ होतं. भात, भाकरी, घावणे, आंबोळी असं तांदळाचं सगळं बंद केलंत आणि ८ दिवसांत काटा ६५.९ वर आला. मग गणपती आले, पाच दिवस घर माणसांनी भरलेलं, सगळं खाल्लं, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ६८.७. अंगठी बोटात रुततेय, चेहरा सुजल्यासारखा दिसतोय. आता मेहनत वाया गेली का, भातानेच अंग सुजतं का, आणि मैत्रीण म्हणते तशी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी दोन दिवस घेतली तर चालेल का, असं विचारलंय.

मी कुडाळला आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतेय आणि गणपतीनंतरच्या पंधरवड्यात हा प्रश्न घेऊन बायका येतातच, पुरुषही येतात. गोळीचं उत्तर आधी देऊन टाकते, घेऊ नका, का ते पुढे सांगते. पण त्याच्याही आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. जे अडीच किलो गेले म्हणून तुम्ही खूश झालात ते बरंचसं पाणी होतं आणि जे पावणेतीन आले म्हणून आता जीव खालीवर होतोय तेही बरंचसं पाणीच आहे. वाढलेलं वजन पाण्याचं आहे हे ऐकायला सगळ्यांना बरं वाटतं, गेलेलंही पाण्याचंच होतं हे मात्र कोणाला ऐकायचं नसतं, पण दोन्हीकडे एकच माप लावलं नाही तर माणूस काट्याच्या मागे धावून धावून दमतो आणि शेवटी सगळंच सोडून देतो. मी हे खूप बघितलंय म्हणून एवढं लांब लिहितेय.

हिशोब करून बघा. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण ७७०० कॅलरी लागतात, त्याही जास्तीच्या, म्हणजे रोज शरीराला जेवढं लागतं ते सोडून वरच्या. तुमचं २.८ किलो वाढलं, ती सगळी चरबी असती तर पाच दिवसांत २१,५०० च्या वर कॅलरी जास्त जायला हव्या होत्या. ओलं खोबरं आणि गूळ घातलेला चांगला मोठा उकडीचा मोदक, वर तूप सोडलेलं, १५० कॅलरीचा धरूया. म्हणजे रोजचं जेवण जेवून त्याच्यावर १४० पेक्षा जास्त मोदक, दिवसाला २८-२९. एवढे कोण खातं? मोदक, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, पाहुण्यांबरोबरचा चहा सगळं धरून तुम्ही रोज ७००-८०० कॅलरी जास्त खाल्ल्या असतील असं मानलं तरी पाच दिवसांच्या ४००० होतात, म्हणजे फार तर अर्धा किलो चरबी. उरलेले सव्वादोन किलो चरबी नाहीत. आता हाच हिशोब उलटा लावा. भात बंद केल्यावर रोज ५०० कॅलरी कमी गेल्या असं धरलं तर ८ दिवसांच्या ४०००, म्हणजे तेव्हाही खरी चरबी गेली ती अर्धा किलोच. बाकीचे दोन किलो तेव्हाही चरबी नव्हते.

मग ते दोन किलो काय होते, तर इथे भाताचा संबंध येतो. भात, भाकरी, चपाती, साबुदाणा, बटाटा काहीही खा, त्यातलं पिष्ट पचून त्याची साखर होते आणि लगेच लागणार नाही ती साखर शरीर ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवून ठेवतं. लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंमध्ये ३०० ते ४०० ग्रॅम, बाईमाणसात थोडं कमी. हा साठा कोरडा राहत नाही, एका ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणजे साठा पूर्ण भरलेला असेल तर पाण्यासकट दीड ते दोन किलो वजन त्याचंच. तुम्ही तांदळाचं सगळं बंद केलंत, पहिल्या दोन-चार दिवसांत शरीराने हा साठा वापरला आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून गेलं. त्यात आणखी एक होतं, पिष्ट कमी झालं की इन्सुलिन खाली येतं आणि इन्सुलिन खाली आलं की किडनी मीठ जास्त बाहेर टाकते, मिठाच्या मागोमाग पाणी जातं. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखत होतं आणि उठताना अंधारी येत होती, ते त्याच्यामुळेच असण्याची शक्यता जास्त. ‘आठवड्यात तीन किलो’ म्हणून जे डाएट प्लॅन फिरत असतात त्या सगळ्यांचा पहिला आठवडा हाच असतो, आणि दुसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही कारण काढण्यासारखं पाणी संपलेलं असतं.

गणपतीत परत भात, मोदक, घावणे-घाटलं आलं, साठा भरला, पाणी परत आलं. यात काही बिघडलेलं नाही, रिकामी कणगी भरली एवढंच. म्हणून भाताने अंग सुजतं का, तर नाही. चपाती खाऊन असंच झालं असतं, नाचणीने झालं असतं, उपवासाच्या साबुदाण्यानेही झालं असतं. आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज पिऊन माणसं पिढ्यानपिढ्या शेतावर राबत आलीत आणि अलीकडे घराघरात भाताला गुन्हेगार ठरवून टाकलंय याचं मला खरंच वाईट वाटतं. भात किती खाता याला महत्त्व आहे, ताटात भाताचा डोंगर आणि बाजूला चमचाभर उसळ असेल तर ते बदलायला हवं, पण भात बंद करून काट्यावर जे दिसतं तो भाताविरुद्धचा पुरावा नाही.

आता मीठ. सलाईनची बाटली बघितली असेल तर त्यावर ०.९ टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. रक्ताचा आणि पेशींबाहेरच्या पाण्याचा खारटपणा एका पातळीवर ठेवायचा हे शरीराचं काम आहे, त्यामुळे ९ ग्रॅम मीठ जास्तीचं अंगात राहिलं की ते बाहेर पडेपर्यंत सुमारे एक लिटर पाणी अडवून ठेवतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर सरळ एक किलो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात जेवणातलं, पापडातलं, पावातलं सगळं आलं. गणपतीतलं ताट आठवा, लोणचं, पोह्याचे पापड, फणसाचे तळलेले गरे, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर ठेवलेल्या फरसाणातला एक घास आपलाही, रात्री भजनाची मंडळी आली की त्यांच्याबरोबर उसळ-पाव. खारट असं काही वाटत नाही पण बेरीज होत जाते. विसर्जनानंतर पहिली आठवण माशांची येते, त्यात खारा बांगडा असेल तर त्याच्या १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅमच्या वरही मीठ असू शकतं. सुकट आणि बोंबील बहुतेक वेळा मीठ न लावता उन्हात सुकवतात त्यामुळे सगळ्या सुक्या म्हावऱ्याला एका पंगतीत बसवू नका, पण खारवलेला मासा म्हणजे मिठाचा साठाच असतो. किडनी चांगली असेल तर हे जास्तीचं मीठ दोन-चार दिवसांत काढून टाकते, पुढे रोजच्या जेवणावर आलात की अंगठी आपोआप सैल होते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आणि पोटातल्या अन्नालाही वजन असतं हे लोक विसरतात. भात, आमटी, भाजी, वाटीभर सोलकढी आणि तांब्यातलं पाणी मिळून एक जेवण पाऊण-एक किलोचं सहज होतं, ते खाऊन लगेच काट्यावर उभं राहिलं तर तेवढं वाढलेलं दिसणारच. मग ते पचून बाहेर पडायला एक-दोन दिवस लागतात, प्रवास झाला, झोप मोडली, भाज्या कमी झाल्या की पोट साफ होत नाही आणि आणखी अर्धा किलो तिथेच बसून राहतो.

उलट बाजूने, काही न करताही वजन सतत जात असतं. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजन केलंत तर अर्धा ते एक किलोचा फरक दिसेल, त्यातली लघवी कळते, बाकीचं श्वासातून आणि कातडीतून वाफ होऊन गेलेलं असतं. इटलीत पाडुआला सँटोरियो म्हणून एक डॉक्टर होता, त्याने सोळाव्या-सतराव्या शतकात आपली खुर्चीच तराजूला टांगली आणि वर्षानुवर्षं स्वतःचं वजन, खाल्लेलं-प्यायलेलं आणि बाहेर टाकलेलं सगळं मोजत राहिला. खाल्ल्या-प्यायल्यातला मोठा भाग लघवी-शौचातून न जाता नकळत हवेत जातो हे त्याने काट्यावर दाखवलं. आपल्या इथे तर मे महिन्यात हवा एवढी दमट की घाम वाळतच नाही, आंब्याच्या बागेत सकाळभर काढणी करणारा माणूस दुपारी काट्यावर दीड किलोने हलका भरू शकतो, त्यातली चरबी चिमूटभर. तो तांब्याभर पाणी, पेज, शहाळं प्यायला की वजन परत जागेवर, आणि ते यायलाच हवं. चरबी घामातून जात नाही, ती जळून बहुतांश कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, थोडी पाणी होऊन जाते. म्हणून पोटाला पट्टा बांधून किंवा प्लास्टिकचं जॅकेट घालून घाम काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे बंद करा, उन्हाळ्यात तर ते धोक्याचं आहे.

बायकांसाठी पाळीचं वेगळं सांगायला हवं कारण महिन्यातला मोठा गोंधळ तिथे होतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि पहिल्या दिवशी अंगात पाणी जास्त राहतं, कोणाचं अर्धा-एक किलो, कोणाचं दोनही, छाती जड, पोट फुगलेलं, आणि पाळी सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत ते उतरतं. म्हणजे तुम्ही पाळी संपल्यावर डाएट सुरू केलंत तर सुरुवातीलाच मस्त रिझल्ट दिसतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डाएट फसल्यासारखं वाटतं, खाणं मात्र दोन्हीकडे तेच. म्हणून बायकांनी या आठवड्याचं वजन मागच्या आठवड्याशी लावण्यापेक्षा मागच्या पाळीच्या त्याच दिवसांशी लावावं. तुमच्या गणपतीच्या दिवसांत पाळी कुठे होती ते तुम्ही लिहिलं नाहीय, पण अनेक घरांत या दिवसांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात हे मला माहीत आहे, त्या हार्मोनच्याच गोळ्या असतात आणि त्यांनीही काहींच्या अंगात पाणी राहतं.

आणखी एक इथलंच सांगते. लावणीच्या दिवसांत बायका दिवसभर वाकून चिखलात राबतात आणि येऊन सांगतात की एवढं काम करून वजन एक किलोने वाढलंच कसं. सवय नसलेलं कष्टाचं काम झालं की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, ती भरून काढायला तिथे पाणी येतं, तेच ते अंग ठणकणं. त्यावर मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतली, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यातली, तर त्या गोळ्या किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. जिम सुरू केलेल्या मुलांचंही पहिल्या दोन आठवड्यांत असंच होतं, क्रिएटिन ही स्नायूंसाठीची पावडर घेत असतील तर एक-दोन किलो पाणी स्नायूंत जादा राहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

फार कडक डाएटने पाणी उलटं साठतं हेही ऐकून ठेवा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, उपासमार झालेल्या लोकांना परत कसं जेवू घालायचं ते शिकण्यासाठी. त्या मुलांची हाडं दिसायला लागली आणि तरी पायांवर, चेहऱ्यावर सूज आली. आतलं मांस-चरबी कमी होत होती आणि पाणी तिची जागा काट्यावर भरून काढत होतं. तुम्ही काही तेवढ्या उपाशी राहत नाही, पण तीन आठवडे काटा ढिम्म हलत नाही आणि मग दोन दिवसांत किलोभर खाली येतो, असं नेटाने पथ्य पाळणाऱ्यांना दिसतं ना, त्यामागे बऱ्याचदा पाण्याचाच खेळ असतो.

मग वजन करायचं कसं. सकाळी उठून, लघवी-शौच झाल्यावर, चहाच्या आधी, कमीत कमी कपड्यात. साडी-परकर मिळून पाऊण-एक किलो सहज होतात, त्यामुळे आज साडीत आणि उद्या गाऊनमध्ये केलं तर त्या आकड्याला अर्थ नाही. काटा एकच ठेवा आणि तो सपाट फरशीवर किंवा कोब्यावर, चटईवर किंवा सारवलेल्या जमिनीवर नको, खाली हलत असेल तर आकडाही हलतो. बाजारातल्या काट्यावर एकदा, शेजारणीकडे एकदा, दवाखान्यात एकदा असं करून तुलना करू नका. रोज करा, वहीत लिहा, आणि सात दिवसांची सरासरी काढा, बघायची फक्त सरासरी. समजा एका आठवड्यात ६७.२, ६६.८, ६७.९, ६७.५, ६६.९, ६६.६, ६७.३ असे आकडे आले तर सरासरी ६७.२. पुढच्या आठवड्यात ६७.४, ६६.९, ६६.५, ६६.७, ६७.०, ६६.३, ६६.६ आले तर सरासरी ६६.८. आता बघा, दुसऱ्या आठवड्याचा पहिला दिवस पहिल्या आठवड्याच्या पहिल्या दिवसापेक्षा जास्त आहे, फक्त सोमवार ते सोमवार बघणारी बाई म्हणेल वजन वाढलं, आणि खरं तर आठवड्यात ४०० ग्रॅम कमी झालेत, जे अगदी छान आहे. रोजचा आकडा बघून ज्यांचा दिवस खराब जातो, जेवण सोडावंसं वाटतं, त्यांनी काट्याचा नाद सोडून दर पंधरा दिवसांनी कमरेचं माप टेपने घ्यावं, बेंबीच्या पातळीला, श्वास सोडल्यावर, तेवढं पुरे.

आता गोळी. पाण्याची गोळी म्हणजे किडनीकडून जबरदस्तीने मीठ-पाणी बाहेर काढायला लावणारं औषध, फ्युरोसेमाइड वगैरे. हार्टच्या, किडनीच्या, लिव्हरच्या पेशंटला ती जीव वाचवते, पण डॉक्टर रक्त तपासून डोस ठरवतात. चरबी ती एक ग्रॅमही काढत नाही. पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम निघून जातं, पायात गोळे येतात, बीपी पडतं, पोटॅशियम जास्त घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि गोळी बंद केली की शरीर घाबरून पूर्वीपेक्षा जास्त पाणी धरतं, मग माणसाला वाटतं गोळीशिवाय आपलं चालतच नाही. मैत्रिणीने स्वतःच्या मनाने घेतली असेल तर तिलाही थांबवा आणि डॉक्टरकडे जायला सांगा. पाणी कमी प्यायल्याने सूज उतरेल हेही खरं नाही, पाणी कमी पडलं की शरीर आहे ते घट्ट धरून ठेवतं, तुम्ही तहानेप्रमाणे प्या.

सगळीच सूज मात्र मिठाची आणि मोदकाची नसते. नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबून बघा, खळगा पडून तसाच राहिला तर डॉक्टरला दाखवायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ आणि सोबत चालताना धाप, रात्री आडवं झाल्यावर दम लागणं असेल तर त्याच दिवशी जायचं, हृदयाचं असू शकतं. सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस असेल तर किडनी तपासायची. एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय तर शिरेत गुठळी असू शकते, त्याला चोळायचं नाही, लगेच दवाखाना. गरोदर बाईच्या हाता-चेहऱ्यावर अचानक सूज आली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय तर बीपीसाठी तातडीने जायचं, एक रात्रही थांबायचं नाही. आणि महिनोन्महिने हळूहळू वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतायत असं असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, थायरॉइड कमी असताना वाढणाऱ्या वजनातही बराच भाग मीठ-पाण्याचाच असतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर उद्यापासून भात सुरू करा, दुपारी शिजवलेला वाटी-दीड वाटी, बरोबर मासे किंवा उसळ आणि एक भाजी पोटभर, लोणचं-पापड आठवडाभर बाजूला. पाच दिवस काट्याकडे बघूच नका. सहाव्या दिवसापासून वर सांगितलं तसं रोज लिहायला लागा आणि चार आठवड्यांच्या चार सरासऱ्या मला कळवा, पाळीची तारीख त्यात लिहून. तोपर्यंत अंगठी सैल झाली नाही, किंवा वरचं एखादं लक्षण दिसलं तर चार आठवडे थांबू नका. आणि एक राहिलं, तुम्ही बीपीची गोळी घेता का ते लिहिलं नाहीय, ॲम्लोडिपिन असेल तर तिनेही घोट्याला सूज येते, ती मनाने बंद न करता ज्यांनी दिली त्यांनाच विचारा, ते बदलून देतात.